अडीच किलो

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या चार पानांचे फोटो रात्री आले, मेळघाटातल्या तुझ्या उपकेंद्राला रेंज मिळाली वाटतं. दोन्ही बाजूंनी भरून लिहिलंस. सासू काय म्हणाली, भूमका, म्हणजे गावचा मांत्रिक-वैदू, कधी येऊन गेला, आशाताई का रडली, गाडी कुठपर्यंत येते, सगळं आहे. घरीच, दिवस भरण्याआधी झालेल्या त्या बाळाचं वजन तेवढं लिहिलं नाहीस. तिसऱ्या पानावर ‘अगदीच एवढंसं आहे हो’ असं आहे. एवढंसं म्हणजे किती? चौदाशे ग्रॅमचं बाळही एवढंसंच दिसतं आणि एकवीसशेचंही. पहिल्याला आजच्या आज धारणीच्या दवाखान्यात पोचवायचं. दुसरं धडधाकट असेल, चोखत असेल, तर त्याच घरात आईच्या छातीवर वाढू शकतं. त्या एका शब्दावर मी इथे बसून काय सांगू?

म्हणून आधी काटा, थर्मामीटर आणि सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन त्या घरी जा. आधी मोज, मग बोल. उरलेलं पत्र परत आल्यावर वाचलंस तरी चालेल.

आता तुझा खरा घोळ. तू लिहितेस, ‘मी स्वतः सातव्या महिन्यातली, घरी झालेली, दाईच्या हातची. आजीनं कापसात गुंडाळून, सुपात ठेवून वाढवली. मग त्या सासूला मी कोणत्या तोंडानं सांगू, की तुमचं चुकतंय?’ तोंड तुझंच वापर, पण तुझ्या जगण्याचा दाखला पुढे करू नकोस, तो दाखला नव्हेच. विदर्भ-खानदेशातले जुने हजेरीपट चाळ. सुपडू, सुपडाबाई, उकिरडा, कचरू, दगडू अशी नावं भेटतील. आधीची मुलं दगावली की मागचं टिकावं म्हणून त्याला सुपात घालायचं, उकिरड्यावर ठेवून परत उचलायचं, आणि नाव असं ठेवायचं की मरणाला त्याचा हव्यास वाटू नये. त्या सुपडूच्या मागे बारसंच न झालेली भावंडं असत. ती कुणी मोजली नाहीत. जगलेल्या एकाची गोष्ट घराघरात सांगितली जाते आणि आपल्याला वाटतं, सुपानं वाचवलं. न्यूटनही अपुऱ्या दिवसांचा होता, पाव गॅलनच्या मगात मावेल एवढा, हे तू लिहिलंयस. असेल. त्याच वर्षी त्याच परगण्यात तशीच जन्मलेली बाकीची किती गेली, हे मला सांग, मग न्यूटनचं बोलू.

तुझी आजी अडाणी नव्हती, हेही ऐक. तिनं जे केलं त्यातलं निम्मं बरोबर होतं. कुणाला हात लावू दिला नाही, त्यामुळे जंतुसंसर्ग टळला. बाळ स्वतःजवळ ठेवलं, तेही बरोबर. कापसाची गोष्ट मात्र नीट समजून घे, कारण उद्या त्या घरात हाच वाद होणार. कापूस ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतो. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मानेमागे आणि खांद्यांच्या पात्यांमध्ये तपकिरी चरबीचा साठा असतो, ती जाळून ते ऊब करतं. सात-साडेसात महिन्यांच्या बाळाकडे तो साठा जेमतेम. वर कातडी पातळ, आणि वजनाच्या मानानं अंगाचा पसारा मोठा. अशा थंड पडलेल्या बाळाला कापसात गुंडाळलंस, तर तू त्याची थंडी जपून ठेवलीस. आणि कापसाच्या बोळ्यानं दूध पिळणं तर नकोच. बोळा जंतूंचं घर, आणि किती दूध गेलं ते कळायला मार्ग नाही.

‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हे वाक्य त्या घरातही निघालंच असेल. साफ खोटं. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूनं असतो. म्हणून महिने मोजू नकोस, आठवडे मोज. शेवटची पाळी कधी आली ते आईला सणावरून, बाजाराच्या दिवसावरून विचार. त्या तारखेपासून ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेलं ते अपुऱ्या दिवसांचं. तारीख सापडलीच नाही तर बाळाकडे बघ. तळपायावर रेघा फक्त बोटांकडच्या भागात आहेत की टाचेपर्यंत? कान दुमडून सोडला तर झटकन उघडतो की चुरगळलेल्या कागदासारखा तसाच राहतो? छातीवर बोटाला गाठ लागते का? पाठीवर मऊ लव किती? एवढ्यावरून ३४ च्या अलीकडचं की पलीकडचं याचा अंदाज बांधता येतो. पण तो अंदाजच. ‘अंदाजे’ हा शब्द रजिस्टरात तसाच लिही, त्याची लाज नको. लाज अंदाज लपवण्याची.

आता काट्याकडे ये. तुझ्या उपकेंद्राचा डिजिटल असेल तर बॅटरी बघ. सेल उतरला की तो बंद पडण्याआधी खोटं बोलू शकतो. सपाट फळीवर ठेव, शेणानं सारवलेल्या उंचसखल जमिनीवर नको. टांगायचा स्प्रिंगचा असेल तर आधी रिकामी झोळी अडकव, काटा शून्यावर आण, मग बाळ ठेव. झोळीशिवाय शून्य करशील तर झोळीचं वजन बाळाला चिकटेल, आणि चौदाशेच्या पोराला शंभर ग्रॅम म्हणजे गंमत नव्हे. दोन खुणांमधलं अंतर किती ग्रॅमचं ते वाचून घे. काटा तुझ्या डोळ्यांच्या रेषेत हवा. खालून वाचलंस की एक आकडा, वरून वाचलंस की दुसरा. आशाताईच्या काट्यावरचे रंगीत पट्टे तिच्या सोयीचे आहेत. तू रंग लिहू नकोस, आकडा लिही. आणि बाळ उघडं करायच्या आधी दार लाव, झोळीचं फडकं आईच्या पोटाशी धरून गरम करून घे. मोजण्याच्या नादात पोराला गार केलंस, तर सासू म्हणेल ते खरं.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर हे पत्र लिहायचा मला हक्क नाही. कुठल्याही उपकेंद्राचं जुनं रजिस्टर उघड, जन्मवजनाच्या रकान्यात २.५, २.५, २.५ अशी ओळच्या ओळ दिसेल. अडीच किलोच्या खाली गेलं की बाळ ‘कमी वजनाचं’ होतं, मग वरून विचारणा, खुलासे, जास्तीच्या भेटी. म्हणून अडीच. त्यातले काही अडीच माझ्या अक्षरातले आहेत. काटा मोडलेला होता, दुसरा मागून मिळत नव्हता, एका दिवसात पाच गावं करायची होती, हे सगळं खरं आहे. खरं असून उपयोगाचं नाही. रकाना रिकामा सोडून ‘काटा नाही’ असं लिहिलं असतं, तर कदाचित काटा आला असता. अडीच लिहिल्यावर कशाला येईल? तुला अंदाजावर मी अशी डाफरते ती यामुळे. तुला कडू लागत असेल तर लागू दे.

तर आकडा आला. १८०० ग्रॅमच्या खाली, किंवा ३४ आठवड्यांच्या आतलं असेल, तर वाद घालायचा नाही. आजारी नवजातांचा विशेष कक्ष, म्हणजे आपल्या भाषेत एसएनसीयू. १०२ किंवा १०८ ला फोन कर. आजारी बाळाची ने-आण आणि सरकारी दवाखान्यातले उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात फुकट आहेत, २०११ पासून. घरच्यांची पहिली भीती पैशाची असते आणि ती ते बोलत नाहीत, भूमक्याचं नाव पुढे करतात. भूमक्याशी भांडू नकोस, त्याला गाडीत बसव. खरंच सांगते. त्याचा शब्द घरात चालतो, तुझा अजून चालत नाही. एका बाबतीत मात्र तडजोड नाही. पोट फुगलं म्हणून तापल्या लोखंडानं चटके द्यायचे, तो डंबा. तिथे आवाज चढवलास तरी चालेल.

वजन १८०० च्या वर, श्वास ठीक, चोखतंय, तर उपचार आईच्या छातीवर आहे. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात एका दवाखान्यात बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी पडल्या म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीला बांधायला सुरुवात केली, त्याला जग आज कांगारू पद्धत म्हणतं. हरयाणात १५०० ते २२५० ग्रॅमच्या बाळांना घरीच अशी ऊब द्यायला आयांना शिकवलं, तेव्हा पहिल्या महिन्यातले मृत्यू घटले. २०१९ चा अभ्यास आहे. तेव्हा हे गरिबाघरची तडजोड आहे असं कुणी म्हटलं, तर ऐकून घेऊ नकोस.

कसं करायचं ते बारीक सांगते, कारण वरवर सांगितलं की बाया पदराखाली बाळ आडवं धरतात आणि झालं म्हणतात. आईचं पोलकं पुढून उघडं. बाळाच्या अंगावर टोपी, मोजे, लंगोट, बाकी काही नाही. दोन्ही स्तनांच्या मधोमध उभं ठेवायचं, छातीला छाती. डोकं एका बाजूला वळवलेलं आणि मान किंचित मागे. पुढे झुकली तर श्वासाची वाट दबते, फार मागे गेली तरी दबते. मांड्या बेडकासारख्या फाकवून दुमडलेल्या, हातही दुमडलेले. मग जुन्या लुगड्याचा पट्टा बाळाच्या कानाच्या पाळीपर्यंत आणून घट्ट बांधायचा, म्हणजे आई उठली तरी डोकं लटकणार नाही. पोटावर पट्टा आवळायचा नाही, बाळ पोटानं श्वास घेतं. वरून पोलकं, त्यावर घोंगडी. एका वेळी तासाच्या आत काढायचं नाही, आणि दिवसभरात जेवढं जमेल तेवढं. निदान आठ तास, जमलं तर रात्रंदिवस. आई झोपणार असेल तर पाठीला बोचकं लावून अर्धवट टेकून, सपाट नाही. आई थकली की बाप, आजी, मावशी, कुणाचीही निरोगी छाती चालते. बाप आधी लाजतो, मग सोडत नाही.

हे करताना शेगडी बाहेर. मला माहीत आहे, पौषातली मेळघाटची थंडी काय असते ते, आणि बाळंतिणीच्या खोलीतून आग काढा म्हटलं की सासू तुझ्याकडे कशी बघेल तेही. पण अपुऱ्या फुप्फुसांना धूर विष आहे. ओव्याची, वावडिंगाची धुरी तर अजिबात नको, आपल्या गावाकडचीही नको. शेगडी बाहेर पेटवून धूर संपल्यावर निखारे आत आणले तरी बंद खोलीत त्यांचा वायू मारतो. भिंतीच्या फटी चिंध्यांनी बुजव, दाराला गोणपाट लाव, आणि ऊब माणसाची वापर. आंघोळ दोन किलो होईपर्यंत नाही, कोमट फडक्यानं पुसायचं. नाळेला राख, शेण, हळद, तेल काही नाही, कोरडी ठेवायची.

थर्मामीटर काखेत, हात अंगाशी दाबून, बीप वाजेपर्यंत. ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस ठीक; तुझा फॅरनहाइटचा असेल तर ९७.७ ते ९९.५. तू नसताना आईला उलट्या हाताची खूण शिकव. आधी पोटाला हात, मग तळव्यांना. पोट ऊन आणि पाय गार म्हणजे बाळ थंडीशी झगडतंय, लगेच छातीशी घ्या. पोटही गार म्हणजे ते हरतंय, गाडी बोलवा. गार पडलेलं बाळ रक्तातली साखर जाळतं, साखर उतरली की मलूल होतं, मलूल झालं की चोखत नाही, चोखलं नाही की आणखी गार. घरच्यांना हे ‘शांत झोपलंय, किती गुणी आहे’ असं दिसतं. अपुऱ्या दिवसांचं बाळ चार तास गुणी झोपलं तर मला घाम फुटतो.

दुधाचं. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांना बसतो. त्याआधीचं बाळ ओढतं, दमतं, निळं पडतं. आधी छातीला लावायचं, दमलं की काढलेलं आईचं दूध चोचीच्या वाटीनं, म्हणजे बोंडल्यानं. बोंडलं पुस्तकातल्या ‘पलाडाई’चं आपल्याकडचं सख्खं भावंड आहे, कुठल्याही जुन्या घरात चांदीचं नाहीतर पितळेचं सापडेल. तू स्टीलचं घे आणि वीस मिनिटं उकळ. दूध काढताना अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेशी. आधी छातीकडे मागे दाबायचं, मग चिमटीत. बोंड ओढायचं नाही. एका बाजूला तीन-चार मिनिटं, मग दुसरी, परत पहिली, असं वीस-तीस मिनिटं. चोवीस तासांत आठ-दहा वेळा, रात्रीसुद्धा, कारण रात्रीचं काढणं चुकलं की चौथ्या-पाचव्या दिवशी ‘दूधच येत नाही’ सुरू होतं आणि बकरीचं दूध घरात शिरतं.

किती द्यायचं? इथेही आधी मोज, मग बोल. समज १८०० ग्रॅम आहे आणि छातीला ओढत नाही. पहिल्या दिवशी किलोमागे ६० मिली, म्हणजे १०८. दर दोन तासांनी दिलंस तर बारा वेळा, एका वेळेला ९ मिली, चहाचे दोन चमचे पुरते नाहीत. रोज किलोमागे १५ मिली वाढव, म्हणजे दर खेपेला सव्वादोन मिलीची वाढ. सातव्या दिवशी किलोमागे १५० होतात. २७० भागिले बारा, साडेबावीस मिली. दवाखान्यात आकडे थोडे वेगळे सांगतील, ते ऐक, ते बाळ बघून सांगत असतात. पाजताना बाळ अर्धवट बसतं, चोच ओठाच्या कोपऱ्यात, थेंब थेंब, गिळलेलं दिसल्यावर पुढचा. मध नाही, गूळपाणी नाही, गुटी नाही. मुरडशेंग आणि वेखंड सहाणेवर किती वळसे घासले यावर घरात गंभीर चर्चा होईल. ती होऊ दे, गुटी नको.

पहिल्या आठवड्यात वजन उतरतं. दहा टक्के, कधी थोडं जास्त. हे आधीच सांगून ठेव, नाहीतर काट्यावरच खापर फुटतं: ‘मोजलं म्हणून वाळलं.’ दहा-चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत यायला हवं, पुढे रोज वीस-तीस ग्रॅम. घरी झालेलं बाळंतपण असल्यानं आशाताईच्या भेटी सात : १, ३, ७, १४, २१, २८, ४२ व्या दिवशी. तिला म्हणावं, प्रत्येक भेटीला पूर्ण एक मिनिट श्वास मोज, अर्धं मिनिट गुणिले दोन नाही. या बाळांचा श्वास लाटेनं चालतो, दहा भरभर, मग थांबा. साठ किंवा वर आले तर शांत करून पुन्हा मोज. पुन्हा साठ, छाती आत खेचली जाते, तळहात-तळपाय पिवळे, झटके, चोखणं बंद, वीस सेकंदांवर श्वास थांबतो, यातलं एकही असलं तर गाडी. गाडीतही बाळ छातीशीच, गरम पाण्याच्या बाटल्या नकोत, कातडी भाजते. सोबत चिठ्ठी दे. जन्मवेळ, वजन, तापमान, श्वास, शेवटचं दूध कधी आणि किती, काय दिलं. ‘बाळ सिरियस’ एवढीच चिठ्ठी लिहिणारीला मी नर्स मानत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांच्या हाती हे काम दिलं. ऊब, दूध, श्वास, वजन. अक्षर न येणाऱ्या दाईला श्वास मोजता यावा म्हणून मणी सरकवायचं साधन केलं. १९९९ साली निष्कर्ष छापून आले तेव्हा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरलेला होता. लोकांना त्यातलं औषध आठवतं. मला मणी आठवतात.

घरी जन्मलेल्याचं काय हमखास राहतं, ते भरून काढ. व्हिटॅमिन के, १ मिलिग्रॅम मांडीत (हजार ग्रॅमच्या आतल्याला अर्धा). हिपॅटायटिस बीचा जन्मडोस चोवीस तासांतला, तो तुझा बहुतेक गेला. झिरो पोलिओ पंधरा दिवसांत, बीसीजी. जन्मनोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत. त्या फॉर्मवर वजनाचा आणि गरोदरपणाच्या आठवड्यांचा रकाना असतो, तो नोंद करणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नकोस. आणि डोळे! दोन किलोच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आतलं असेल तर तीस दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, फारच लहान असेल तर त्याहून आधी. बाहेरून डोळे छान टपोरे दिसतात. आत रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढत असतात आणि त्या दिसायला लागतील तोवर वेळ गेलेली असते. ही तारीख आईच्या कार्डावर लाल पेनानं लिही. कानाची तपासणीही पहिल्या महिन्यात.

मग येतं ते ‘नाजूक मूल’. तू तशीच वाढलीस, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. लस जन्मतारखेनुसार द्यायची, वाढ मात्र दुरुस्त वयानं बघायची. बत्तिसाव्या आठवड्यात आलेलं मूल सहा महिन्यांचं झालं तरी वाढीच्या हिशेबात चारच महिन्यांचं. दोन वर्षांपर्यंत हा हिशेब ठेवला नाही, तर धड असलेल्या पोराला ‘मंद’ म्हणून मोकळे होतात. दर सर्दीला छाती वाजते, कारण श्वासनळ्या मुळातच बारीक. अशा घरात चूल बाहेर नेणं आणि विडी बाहेर पाठवणं हेच निम्मं औषध. लोहाचे थेंब आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या मापानं, कारण लोहाचा साठाही शेवटच्या तीन महिन्यांत भरतो. बाळसं धरावं म्हणून तूप-साखर कोंबू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून खेड्यांतल्या बाळांची मापं घेतली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, दिसायला हडकुळी, पण अंगात चरबीचा वाटा जास्त. स्नायू वाढायला डाळ, अंडं आणि मैदान लागतं. मैदान तर या मुलांना कुणी देतच नाही. खेळू नको, भिजू नको, पळू नको. आजार संपतो, मुलाला लावलेलं लेबल संपत नाही.

तुझं लेबलही अजून निघालेलं नाही. ‘चढावर दम लागतो, मी जन्मतःच कमजोर, बदलीचा अर्ज करू का?’ हे तू शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात लिहिलंस. पोरी, किती दम लागतो? किती पायऱ्यांनंतर? बसल्यावर नाडी किती, तीन जिने चढल्यावर किती, पूर्ववत व्हायला किती मिनिटं? हिमोग्लोबिन किती? बारापेक्षा कमी असेल तर तुझा दम सातव्या महिन्याचा नसून रक्ताचा आहे. विदर्भातली आहेस, सिकलसेलची सोल्युबिलिटी तपासणी केलीस का कधी? लोकांच्या शंभर केल्या असशील. रक्तदाब घे, अपुऱ्या दिवसांच्या माणसांत तो थोडा चढा निघतो. लघवीत अल्ब्युमिन बघ, कारण मूत्रपिंडाच्या गाळण्या साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात, नंतर एकही वाढत नाही. म्हणून त्या पाठदुखीला रोज डायक्लोफेनॅक घेतेस ते बंद. अमरावतीला गेलीस की फुंकून फुप्फुसाची तपासणी, स्पायरोमेट्री, करून घे. श्वासनळ्या अरुंद निघाल्या तर पंपानं फरक पडू शकतो. तसं असलं तर वीस वर्षं तू पंपाऐवजी आजीचा काढा घेतलास, इतकंच. पुढे गरोदर राहिलीस तर पहिल्याच तपासणीत सांग, की मी स्वतः अपुऱ्या दिवसांची.

सगळे आकडे आल्यावर बदली मागावीशी वाटली तर माग, मी सही कुठे करायची तेही सांगेन. आकड्यांआधी मागितलीस तर मला कळवू नकोस.

काट्याबद्दल एक राहिलं. तो खरा आहे का हे बघायला किलोची न फोडलेली मिठाची पिशवी जवळ ठेव. सोमवारी सकाळी आधी ती लाव. वर प्लास्टिकचे चार-पाच ग्रॅम जास्त दाखवेल, तेवढे माफ. आणि उत्तर लिहिशील तेव्हा पहिल्या ओळीत बाळाचा आकडा, मग तुझं हिमोग्लोबिन. रात्री दोनच्या दुधाला त्या बाईला कोण उठवतं, तेही लिही. सासू उठवत असेल तर माझा तिला नमस्कार सांग.